पॉज होत नाही, आई

आमच्या घरात जवळजवळ दोन वर्षं रोज संध्याकाळी एकच भांडण व्हायचं आणि ते एकाच वाक्याशी येऊन अडायचं. प्रार्थनेची वेळ झाली की मी हाक मारायचे. आतून उत्तर यायचं, ‘आलो, ही शेवटची मॅच.’ दहा मिनिटांनी पुन्हा हाक. मग मी दारात उभी, आणि हेडफोन एका कानावरून जेमतेम सरकवून चिरंजीव म्हणणार, ‘अगं, पॉज होत नाही, आई!’

मला ते धडधडीत खोटं वाटायचं. थांबवता येत नाही असा कुठला खेळ असतो? देवापेक्षा खेळ मोठा झाला, पोरगं हातातून चाललं, असं सगळं मला त्या एका वाक्यात ऐकू यायचं. एकदा न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसले, तेव्हा कळलं की तो खरं बोलत होता. ऑनलाइन मॅचला पॉजचं बटणच नसतं. चार जणांची टीम, बाकीचे तिघं आपापल्या घरी. मध्येच उठलं तर ह्याचा गडी आहे तिथे खांबासारखा उभा राहतो, पहिल्या गोळीत आडवा होतो, टीम हरते, तिघं चिडतात. वर खेळ स्वतःच शिक्षा ठोठावतो: पुढची काही मिनिटं तुला मॅच मिळणार नाही. मी ज्याला उद्धटपणा समजत होते ते त्याच्या लेखी दिलेला शब्द पाळणं होतं. आणि शब्द पाळायला त्याला आम्हीच शिकवलं होतं.

तेव्हापासून मला वाटायला लागलंय, की आम्ही श्रद्धाळू आईबाप या विषयात काळजी करतो ती योग्यच, पण बोट भलतीकडे दाखवतो. पडद्यावर काय दिसतं यावर आमचा सगळा जीव खर्च होतो. खेळ मुलाकडून काय काय मागतो, हे बघायचं राहून जातं.

चार श्रद्धाळू पालक जमले की यादी ठरलेली असते. रक्त. शिंगंवाले राक्षस. जादूटोणा. तोकडे कपडे. दुसऱ्यांचे देव, किंवा त्याहून वाईट म्हणजे आपलेच देव, कुणीही बटण दाबून लढवावेत असे. यादी नवी नाही. १९७६ साली ‘डेथ रेस’ नावाचा एक आर्केड खेळ आला. काळा-पांढरा पडदा, काडीसारख्या आकृत्या, त्यांच्यावर गाडी घालायची. चिरडलेल्या आकृतीच्या जागी इवलासा क्रूस उभा राहायचा. बनवणारे म्हणाले ही माणसं नव्हेत, भुतं आहेत. लोकांना काही ते पटलं नाही आणि अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. १९८० च्या दशकात तिथल्याच अनेक धार्मिक घरांमध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ म्हणजे सैतानाची पूजा अशी भीती पसरली. त्या खेळाला पडदाही नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसून एकमेकांना गोष्ट सांगणारी मुलं, एवढाच तो खेळ. आज ती मुलं पन्नाशी-साठीत असतील आणि त्यातली कितीतरी आपल्या मुलांच्या मोबाइलबद्दल काळजी करत असतील.

हिंसेच्या प्रश्नाचं काय झालं, तेही सरळ सांगून टाकते. १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे या विषयावर सुनावणी झाली आणि त्यातून १९९४ साली खेळांना वयानुसार शिक्के देणारी ईएसआरबी ही व्यवस्था उभी राहिली. युरोपात तसंच काम पेगी २००३ पासून करते. तिथे डब्यावर किंवा डाउनलोडच्या पानावर १२, १६, १८ असा जो आकडा दिसतो तो बहुतेक पेगीचा. तो आकडा वाचावा आणि मानावा, त्यात वाद नाही. पण गेममध्ये गोळ्या घालणारा मुलगा उद्या रस्त्यावर गोळ्या घालील, या भीतीला फारसा आधार सापडलेला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं खेळतात ते खेळ किती हिंसक आहेत हे त्यांनी शिक्क्यांवरून तपासलं आणि स्वभावाबद्दल पालकांना विचारलं. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना दिसला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये सांगितलं, की आरडाओरडा, ढकलाढकली अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. आरडाओरड्याबद्दल म्हणाल तर मी साक्ष द्यायला तयार आहे.

आता श्रद्धेच्या अपमानाचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिथे दुखतं हे मला माहीत आहे. २००७ मध्ये मँचेस्टरच्या कॅथीड्रलने सोनीविरुद्ध तक्रार केली, की तुमच्या खेळात आमच्या प्रार्थनास्थळाच्या आत, आम्हाला न विचारता, बंदुकींची लढाई दाखवली आहे. सोनीने माफी मागितली. २००८ मध्ये ‘लिटलबिगप्लॅनेट’ हा लहान मुलांनाही चालेल असा गोड खेळ बाजारात येण्याच्या तोंडावर मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका गाण्यात कुराणातली वचनं होती. ज्या कलाकाराचं ते गाणं तो स्वतः मालीचा श्रद्धाळू मुसलमान, आणि त्याच्या परंपरेत ही भक्ती समजली जाते. तरी दुसऱ्या ठिकाणच्या श्रद्धाळूला ते खुपलं. २०२० मध्ये पब्जी मोबाइलमध्ये मूर्तीपुढे नमून ताकद मिळवण्याची एक करामत आली, तिच्यावर मुस्लिम देशांतून आक्षेप आले आणि ती काढून टाकण्यात आली.

या तिन्ही गोष्टींत आक्षेप घेणाऱ्यांच्या भावनेला किंमत मिळाली, हे चांगलंच झालं. पण मला त्यात दुसरंच काहीतरी दिसतं. माफी मागणं, गाणं बदलणं, मूर्ती काढणं, हे कंपनीला झेपतं. एक-दोन आठवडे डोकेदुखी, मग दुकान पूर्ववत. आमच्या तक्रारी चित्रांपुरत्या राहतात तोवर त्यांचं काही अडत नाही. पडद्यावरचा राक्षस आमच्यासाठी बदलून मिळेल. मुलाला पडद्यापाशी धरून ठेवणारं जे यंत्र मागे चालतं, त्याबद्दल प्रार्थनास्थळांच्या पायरीवर कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

आणि गंमत अशी, की जुन्या धर्मग्रंथांना हे यंत्र आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त जुगाऱ्याचं आहे. त्या फाशांवर कुणा राक्षसाचं चित्र नाही, रक्त नाही, अश्लीलता नाही. बिभीतकाच्या, म्हणजे बेहड्याच्या, साध्या बिया. तरी सूक्त सांगतं, की ते निखारे आहेत, थंडगार असून काळीज जाळतात. त्यातला जुगारी ठरवतो की आता नाही खेळायचं, मित्र पुढे निघून जातात, हा मागे राहतो. मग पटावर पडलेल्या फाशांचा खुळखुळाट कानावर येतो आणि हा ठरलेल्या भेटीला निघालेल्या प्रेयसीसारखा तिकडे चालू लागतो. नोटिफिकेशनचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. महाभारतात धर्मराज द्यूतात सगळं हरतो हे आपण मुलांना सांगतो, पण दुसरा डाव सांगायला विसरतो. सगळं परत मिळालेलं असतं, मंडळी घराकडे निघालेली असतात, वाटेत पुन्हा बोलावणं येतं आणि युधिष्ठिर परत फिरतो. त्याला काय होणार ते कळत नसेल असं नाही. तो धर्मराज होता, तरी गेला.

कुराणाने जुगाराला मद्याच्या पंगतीला बसवलं, तेही त्याच्या पकडीकडे बघून. प्रार्थनेपासून दूर नेतो, आपसांत वैर लावतो, असं कारणही दिलं. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या ब्रह्मजालसुत्तात बुद्ध कोणकोणते खेळ खेळत नाही याची यादी आहे. त्यात आठ आणि दहा घरांचे पट आहेत, फासे आहेत, चेंडू आहे, कोलांटउड्या आहेत, खेळण्यातला नांगरसुद्धा आहे. अर्थात ती चर्चा संन्याशांची. कोलांटउड्या मारणाऱ्या पोराला कुणी ती वाचून दाखवू नये. उलट ज्यांना मुलाचीही बाजू ऐकायची आहे त्यांनी ख्रिस्ती संत ऑगस्टीनकडे जावं. आपल्या आत्मकथनात तो सांगतो, की लहानपणी चेंडू खेळून अभ्यास बुडवला म्हणून त्याला मार बसायचा, आणि मारणाऱ्या मोठ्यांचे पोरखेळ मात्र उद्योगधंदा म्हणून खपायचे. चौथ्या शतकातली ही तक्रार माझ्या मुलाने काल जेवताना केली. शब्द थोडे वेगळे होते.

मग ते यंत्र कसं असतं? मी ज्या रात्री शेजारी बसले त्या रात्री मॅचपेक्षा मॅच संपल्यानंतरची दोन मिनिटं मला जास्त शिकवून गेली. हरल्याबरोबर पडदा दुकानात गेला. तिथे खेळातलं नाणं हिऱ्यांचं. खरे पैसे देऊन हिरे घ्यायचे, हिऱ्यांनी कपडे, बंदुकीचे रंग, नाचाच्या अदा. मला वाटलं, हिरे घ्या, वस्तू घ्या, विषय संपला. तसं नव्हतं. हिऱ्यांच्या थैल्या ठरावीक मापाच्या आणि वस्तूंच्या किमती त्या मापात कधीच न बसणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक खरेदीनंतर थोडे हिरे उरतात. एवढ्यात काही येत नाही आणि टाकवतही नाहीत. मग आणखी एक थैली. शिवाय एक पेटी. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. उघडताना ती थरथरते, फटीतून सोनेरी प्रकाश सांडतो, चक्र फिरतं आणि दुर्मीळ वस्तूच्या अगदी शेजारी येऊन थांबतं. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय, ही संधी आणखी तीन तास. खाली सात खणांची पट्टी, रोज एकदा आलास तर सातव्या दिवशी बक्षीस, एक दिवस चुकला की पट्टी पुन्हा पहिल्यापासून.

ती सात खणांची पट्टी बघून मी गप्प झाले. रोज एक नेम, खंड पडू द्यायचा नाही, पडला तर पुन्हा सुरुवात. ही आमची वस्तू होती! माळ, पारायण, उपास, रोजचा पाठ यांतून माणसाच्या मनाला जी सवय लावायला धर्मांना शतकं लागली, ती कुणीतरी उचलून पेटीच्या दुकानाला जोडली होती.

या यंत्रावर जेव्हा जेव्हा आघात झाला तेव्हा आम्ही तिथे नव्हतो. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ मधल्या अशाच पेट्यांवर खुद्द खेळाडू खवळले आणि कंपनीला खेळातली पैशांची खरेदी तेवढ्यापुरती बंद करावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने पैसे देऊन उघडायच्या या पेट्या म्हणजे जुगारच आहे असं ठरवलं आणि मोठ्या कंपन्यांना त्या देशात त्या काढाव्या लागल्या. २०२० पासून ईएसआरबीच्या शिक्क्यावर अशा पेट्यांची वेगळी सूचना येते. २०२२ च्या डिसेंबरात ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक कंपनीने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरवर तडजोड केली. एक आरोप असा होता, की बटणं अशी लावली होती की मुलांच्या हातून चुकून खरेदी व्हावी. दुसरा असा, की लहान मुलांच्या आणि किशोरांच्या खात्यांवरही अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आधीपासूनच चालू ठेवलेली होती. ही दुसरी गोष्ट मला कुठल्याही शिंगवाल्या राक्षसापेक्षा भीतिदायक वाटते. हेडफोनमधून मुलाशी कोण बोलतंय हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं. ती सोय बंद करायला सेटिंगमध्ये दोन मिनिटं लागतात. मी ती बंद करायच्या आधी वर्षभर राक्षसांवर प्रवचन देत होते.

जुगार निषिद्ध मानणाऱ्या धर्मांची माणसं जगात शेकडो कोटी आहेत. त्यांनी एका सुरात विचारलं असतं, की माझ्या तेरा वर्षांच्या मुलापुढे ही पेटी कशी काय ठेवली, तर बेल्जियमची वाट बघावी लागली नसती.

एक शब्द मात्र जपून वापरायला हवा, तो म्हणजे व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. त्याच्या अटी कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर, घर, शाळा, नाती कोलमडतील इतकं. ज्या घरात असं आहे त्यांनी धर्मगुरूच्या आधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी रोजच्या कटकटीला व्यसन म्हणू नये. पोराला व्यसनी म्हटलं की आपली बाजू खरी ठरते, या मोहापायी मीही तो शब्द छडीसारखा वापरला आहे.

मग सरकारनेच बंदी घालावी का? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळायला मनाई केली. मुलांनी आईबापांची खाती वापरली. दरम्यान सगळे मोबाइलवर गेले, तिथे तो कायदा पोचतच नव्हता, आणि दहा वर्षांनी तो रद्द करायचं ठरलं. चीनने २०२१ मध्ये अठराच्या आतल्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठरवून दिला. तिथेही मोठ्यांच्या नावावरची खाती हा चोरदरवाजा आहेच. मला पेटीवर कायदा हवा आहे, पण मुलाच्या घड्याळावर नको. आमच्याकडे त्यासाठी कायद्यापेक्षा जुनी गोष्ट आहे, व्रत. व्रत दुसऱ्यावर लादता येत नाही, ज्याचं त्याने घ्यायचं असतं. आणि घरात जे पाळलं जातं ते सगळ्यांनी पाळलं तरच टिकतं. कर्मठ ज्यू घरांत शब्बाथला फोन बंद म्हणजे बापाचाही बंद. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत. तिथल्या मुलाला ‘तुम्ही का नाही?’ असं विचारायची सोयच उरत नाही. आमच्या घरी ती भरपूर होती. मी त्याला हाक मारायला दारात जायचे तेव्हा माझ्या हातात फोन असायचा, आणि त्यावर बहुतेक वेळा कुठलंतरी भजन चालू असल्यामुळे मला तो दिसत नसे.

अजून एक गोष्ट आहे, बोलायला अवघड. मला गेमची भीती होती हे अर्धंच खरं. खरी भीती ही, की हा आमच्या वाटेवरून बाजूला होतोय, आणि गेम हा हाताशी सापडलेला आरोपी. त्याच्या वयाच्या मुलाला आम्ही आमच्या प्रार्थनेत काय काम देतो? गप्प बस, हलू नकोस, फोन ठेव. चौदा वर्षांच्या पोराचं काम एवढंच, की ते तिथे दिसलं पाहिजे. त्याच पोराला त्या चौघांच्या टीममध्ये हुद्दा आहे. तो मागून सगळ्यांना सांभाळतो, कुणी जखमी झालं तर धावतो, औषध देतो, आणि मॅच संपल्यावर तिघांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘भाई, तू होतास म्हणून वाचलो.’ आमच्याकडे त्याला असं शेवटचं कोण म्हणालं होतं, मला आठवेना. खेळ मुलांना पळवतो हे मान्य, पण ती जातात तिथे जागा असते म्हणूनही जातात. ज्या समाजात पोरांना पंगतीत वाढायला, वाचायला, वाद्य वाजवायला, म्हाताऱ्यांना हात धरून आणायला, चुकायलाही मिळतं, तिथेही गेम असतातच. फक्त तिथे मुलाला उठून जायला दुसरं काहीतरी असतं.

आमच्याकडे सध्या तह आहे. मॅच सुरू करण्याआधी त्याने वेळ विचारायची, मी खरा वेळ सांगायचा. पेटी उघडायची नाही, हे त्याने आपणहून घेतलंय. का घेतलं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझा फोन त्या वेळात कपाटात. काल त्याने विचारलं, ‘किती आहेत?’ मी म्हटलं, ‘बारा मिनिटं.’ मॅच वीसची असते हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्याने सुरू केली, आणि बाराव्या मिनिटाला स्वतःच उठला. तिघांना बहुतेक काहीतरी थाप मारली असावी. तोंड पाडून येऊन बसला. डोळे मिटले होते, पण अंगठे मांडीवर हलत होते. त्याचं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. माझंही नव्हतं, नाहीतर अंगठे दिसले नसते.